घाम येतो, पण वाळतो का?



मार्चच्या शेवटच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि महिला मंडळाच्या बैठकीत जयंतीच्या मिरवणुकीचा विषय निघाला. पाण्याचे स्टॉल किती, सरबत कोण करणार, लेझीमच्या मुलींना साड्या कुठल्या घ्यायच्या, असं सगळं चाललं होतं. तेवढ्यात घरकाम करणारी एक भगिनी आम्हाला म्हणाली, "सिस्टर, घाम आला की अंग थंड होतं असं तुम्हीच सांगता ना? मग मी तर दिवसभर घामानं निथळते, तरी अंगाची आग का होते? माझी बहीण नागपूरला असते. तिथं पंचेचाळीस डिग्री, आणि ती म्हणते घाम दिसतसुद्धा नाही. मग तिचं कसं भागतं?"

प्रश्न साधा वाटला, पण आम्ही त्याच बैठकीत अर्धा तास त्यावरच बोललो, आणि तरी पुरं झालं नाही. म्हणून या अंकात लिहीत आहोत.

पहिली गोष्ट अशी, की घाम आल्यानं अंग थंड होत नाही. घाम वाळल्यानं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांच्यातला फरक कळला की उन्हाळ्यातलं निम्मं दुखणं कळतं.

पाणी वाळतं म्हणजे काय होतं? पाण्याचे कण सतत हलत असतात, काही हळू, काही जोरात. वरच्या थरातले जे कण सगळ्यात जोरात असतात ते पाण्यातून सुटून हवेत निघून जातात. जोरवाले निघून गेले की मागे राहिलेले थंड पडतात, आणि ते आपल्या अंगातली उष्णता ओढून घेतात. अंगावरचा एक लिटर घाम पूर्ण वाळून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असं समजा, की सात लिटर साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी. एवढं मोठं काम एक लिटर घाम करतो. पण तोच घाम हनुवटीवरून टपकला, ब्लाउजमध्ये मुरला, रुमालात गेला, तर त्यानं काहीच काम केलं नाही. पाणीही गेलं, मीठही गेलं, आणि उष्णता होती तिथंच राहिली. आमच्या भगिनीचं तेच होत होतं.

आता घाम कधी लवकर वाळतो आणि कधी वाळत नाही, हे बघायला शाळेची प्रयोगशाळा लागत नाही. घरात पोरं असतील तर त्यांच्याकडून करून घ्या, त्यांना विज्ञानाच्या पेपरातही उपयोग होईल. बाटलीच्या बुचानं मोजून सारखंच पाणी घ्यायचं. एक बूच ताटलीत पसरायचं, एक पेल्यात ओतायचं, एक दुसऱ्या ताटलीत ओतून ती पंख्याखाली ठेवायची. दुसरीकडे तीन रुमाल ओले करून सारखे पिळायचे. एक दोरीवर पसरून घालायचा, एक चार घड्या करून ठेवायचा, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. दर अर्ध्या तासानं पोरांनी वहीत लिहायचं. पंख्याखालची ताटली सगळ्यात आधी कोरडी होईल, पेला बराच वेळ तसाच राहील, आणि पिशवीतला रुमाल दुसऱ्या दिवशीही ओलाच निघेल, वर वासही मारेल.

त्या पिशवीतल्या रुमालाची गत आमची झाली होती २०२० साली. मे महिना, कोविडचा वॉर्ड, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा प्लास्टिकसारखा सूट, त्यावर गाऊन, दोन-दोन हातमोजे. संसर्ग पसरू नये म्हणून एअर कंडिशनर बंद. सहा तास पाणी प्यायचं नाही, कारण लघवीला जाता येत नाही. ड्युटी संपल्यावर हातमोजे उतरवले की बोटांतून पाणी ओतलं जायचं, बुटातून चपकचपक आवाज यायचा. एवढा घाम, आणि अंग तव्यासारखं तापलेलं. आमच्याबरोबरची एक मुलगी सलाईन लावता लावता खाली कोसळली. वर कळवलं तर उत्तर आलं, नाश्ता करून येत जा. नाश्त्याचा काय संबंध? सूटच्या आतली हवा आमच्याच घामानं पाच मिनिटांत ओलीचिंब होत होती, आणि ओल्या हवेत आणखी पाणी मावत नाही. घाम वाळायला जागाच नव्हती. आम्ही नोकरी सोडून चळवळीत आलो त्याची कारणं बरीच आहेत, पण त्या नाश्त्याच्या उत्तराचाही त्यात वाटा आहे.

गटारात, कचऱ्याच्या गाडीवर काम करणारे आपले सफाई कामगार बांधव गमबूट, रबरी हातमोजे आणि जाड जाकीट घालून भर दुपारी हेच सोसतात. त्यांनी साहित्य घालू नये असं आम्ही म्हणत नाही, घातलंच पाहिजे. पण ते घातल्यावर घाम वाळत नाही हे मुकादमाला सांगितलं पाहिजे, आणि दर तासाला सावलीत येऊन जाकीट उघडून पंधरा मिनिटं बसण्याची वेळ मागून घेतली पाहिजे. ही सवलत नव्हे, कामाचाच भाग आहे.

आता मुंबई आणि नागपूर.

हवेत आधीच किती पाणी आहे त्याला आर्द्रता म्हणतात, आपण दमटपणा म्हणतो. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात ती वीस टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याहून कमी. मुंबईत, ठाण्यात, पनवेलला साठ-सत्तर. नागपूरची हवा तहानलेली असते. घाम कातडीवर आला की पिऊन टाकते. म्हणून बहिणीला तो दिसत नाही. येत नाही असं नाही, उलट भरपूर येतो. मुंबईची हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती घाम घेत नाही, म्हणून तो अंगावर ओघळतो.

शास्त्रज्ञ यासाठी एक सोपी युक्ती करतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून त्यावर वारा सोडतात. मलमल वाळताना पारा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. तो आकडा म्हणजे ओल्या अंगाला मिळू शकणारा जास्तीत जास्त गारवा. नागपुरात ४५ अंश आणि वीस टक्के दमटपणा असेल तर हा ओला पारा २६ च्या आसपास येतो. मुंबईत ३४ अंश आणि सत्तर टक्के असेल तर २९ च्या वर. म्हणजे टीव्हीवर मुंबईचा आकडा अकरा अंशांनी कमी दिसतो, पण घाम वाळण्याच्या हिशेबानं मुंबई जास्त कठीण. ओला पारा ३५ वर गेला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी काही तासांत दगावू शकतो, असं शास्त्र सांगतं. अलीकडे तरुण, निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या, त्यांत तर ३१ च्या आसपासच शरीराची ताकद संपते असं दिसलं.

म्हणजे नागपूर सुरक्षित असं कुणी समजू नये. तिथला धोका वेगळा. घाम दिसत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अंगातलं दोन-चार लिटर पाणी हवेनं नेलेलं असतं. लघवी पिवळी गर्द झाली, डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे आले, की समजायचं. आणि खिशात कांदा ठेवून काही होत नाही. कांदा भाकरीबरोबर खा, पोटात तरी जाईल.

१६ एप्रिल २०२३ चा खारघरचा पुरस्कार सोहळा आठवत असेल. भर उन्हात उघड्या मैदानावर लाखो लोक बसले होते, चौदा माणसं गेली. त्या दिवशी तिथं ४५ अंश नव्हते, ३८ च्या आसपास होते. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर ऊन, आणि चारही बाजूंनी माणसंच माणसं. गर्दीत वारा फिरत नाही, आणि प्रत्येकाच्या श्वासानं आणि घामानं मधली हवा आणखी ओली होते. गर्दीच्या मधोमध बसलेला माणूस म्हणजे पुन्हा तो पिशवीतला रुमाल. आपली जयंती त्याच महिन्यात असते हे लक्षात ठेवा.

पंखा, कूलर आणि पत्र्याची खोली

वाऱ्याचं काम काय? घाम वाळताना कातडीला लागून ओल्या हवेचा एक पातळ थर तयार होतो. वारा तो थर ढकलून देतो आणि कोरडी हवा आणतो, म्हणून पंखा बरा वाटतो. पंखा हवा थंड करत नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून गेलात तर खोली थंड होणार नाही, बिलच येईल.

पण पंख्याचीही एक हद्द आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता आतली हवाच ४० अंशांच्या वर गेली, तर पंखा तीच तापलेली हवा अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, ४० च्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. विशेषतः म्हातारी माणसं, कारण वयाबरोबर घाम कमी येतो आणि तहानही कमी लागते. कोरडं अंग आणि गरम वारा म्हणजे भट्टीचा भाता. अशा वेळी आधी अंग ओलं करायचं, मग पंखा. हात, मान, पाठ, पाय ओल्या फडक्यानं पुसायचे, पुन्हा कोरडे करायचे नाहीत. सुती लुगडं किंवा गंजी ओली करून पिळून अंगावर घेतली तरी चालतं. ज्याला स्वतःचा घाम पुरत नाही त्याला बाहेरून घाम द्यायचा, एवढंच.

कूलरही असाच. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीवरून पाणी खाली येतं, पंखा त्यातून बाहेरची कोरडी हवा ओढतो, पाणी वाळतं, हवा गार होते. विदर्भात, मराठवाड्यात हे छान चालतं. पण वस्तीत फिरताना आम्हाला दहापैकी आठ घरांत एकच चूक दिसते. कूलर खोलीच्या आत ठेवलेला, आणि गारवा जाऊ नये म्हणून दार-खिडकी बंद! अहो, बंद खोलीत कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात भिंती चिकट, चादर चिकट, अंग चिकट, आणि गारवा गायब. कूलर खिडकीत, पाठ बाहेरच्या बाजूला आणि तोंड आत करून बसवायचा, आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवायचं, म्हणजे ओली हवा बाहेर निघेल. पावसाळा लागला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवायचा. मुंबईकरांनी कूलरवर सात-आठ हजार घालवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

कूलरच्या टाकीची एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची, आणि नुसती रिकामी नाही, कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात.

दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक तिथंच, आंघोळ तिथंच, आणि कपडेही आतल्या दोरीवर. एक बादली कपडे वाळतात म्हणजे त्यांतलं दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत येतं. मग घाम कुठं वाळणार? शक्य असेल तर कपडे बाहेर, नाहीतर किमान दुपारी आत नाहीत. रात्री झोपायच्या वेळी तर नकोच. ओल्या भिंतींना बुरशी येते, तान्ह्या बाळाची छाती भरते, जांघेत-काखेत नायटा होतो ते आणखी वेगळं. हे सांगताना आम्हालाही अवघडल्यासारखं होतं, कारण गच्ची नाही, अंगण नाही, नळाला पाणी येतं पहाटे चारला. बाईनं कपडे वाळवायचे कुठं? दोन चाळींच्या मधल्या बोळात समाईक दोऱ्या बांधण्याचं काम काही वस्त्यांत तरुण मंडळांनी केलं आहे. खर्च नाममात्र आहे.

पत्र्यावर गोणपाट टाकून दुपारी दोनदा पाणी मारलं तर खाली चांगला फरक पडतो. ज्यांना पाणी विकत घ्यावं लागतं त्यांना हे सांगणं चेष्टा ठरेल. त्यांनी पत्र्याला वरून पांढरा चुना मारावा, तो उष्णता परत फेकतो.

माठाचं आजीला विचारा, ती सगळं सांगेल. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर वाळतं आणि आतल्या पाण्याची उष्णता नेतं. म्हणून माठ कोपऱ्यात, कपाटाआड ठेवायचा नाही, वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचा. त्याला ऑइल पेंटनं रंगवून वर नक्षी काढलेली आम्ही पाहिली आहे. दिसतो सुंदर, पाणी कोमट. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात, म्हणून दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्याचं पाणी गार होत नाही. साबणानं घासू नका, नुसत्या काथ्यानं घासा.

स्पिरिट, सॅनिटायझर आणि थिनर

सगळे द्रव सारख्या वेगानं उडत नाहीत. सुई टोचण्याआधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा गारेगार लागतं ना? स्पिरिट बाटलीत थंड नसतं, खोलीइतकंच असतं. पण त्याचे कण एकमेकांना पाण्याच्या कणांइतके घट्ट धरून नसतात, म्हणून भराभर सुटतात आणि कातडीची उष्णता एकदम ओढतात. पाणी १०० अंशांना उकळतं, स्पिरिटमधलं अल्कोहोल ७८ ला.

हे बघून काही घरांत तापलेल्या लेकराला स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसतात. हात जोडून सांगतो, असं कधीही करू नका. बाळाच्या नाजूक कातडीतून आणि श्वासातून अल्कोहोल रक्तात जातं, साखर उतरते, बाळ बेशुद्ध पडतं. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल, पातळ कपडे, पाणी किंवा अंगावरचं दूध. पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं. बर्फाच्या पाण्यानं कातडीतल्या नसा आखडतात, बाळ कुडकुडतं, आणि कुडकुडण्यानं आतली उष्णता आणखी वाढते. कपाळावर ठेवलेली घडी दहा मिनिटांत गरम होऊन बसते, तिनं बाळाला बरं वाटत असेल तर ठेवा, पण ताप तिनं उतरत नाही. वीतभर कपाळावरून किती पाणी वाळणार?

सॅनिटायझरमध्ये सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल का ठेवतात, शंभर टक्के का नाही, हा प्रश्न कोविडमध्ये पुष्कळांनी विचारला. शंभर टक्के असेल तर ते जंतू मारण्याआधीच उडून जातं, आणि जंतूचं कवच फोडायला थोडं पाणीही लागतं. म्हणून हात वीस-तीस सेकंद ओले राहतील एवढं घ्यायचं आणि चोळत राहायचं, फुंकर मारून वाळवायचं नाही. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की पाण्याआधी अल्कोहोल उडतं, उरतं ते नुसतं सुगंधी पाणी.

रंगकाम करणाऱ्या भावांसाठी दोन ओळी. थिनर, पेट्रोल हे स्पिरिटसारखेच झपाट्यानं उडतात, आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते. बंद खोलीत थिनरचा डबा उघडा आणि शेजारच्या खोलीत शेगडी पेटलेली, एवढ्यावर घरं जळाली आहेत. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, डबा लगेच बंद करा, डोकं गरगरलं तर बाहेर या.

कपडा आणि कातडी

वंदनेला आपण पांढरं सुती नेसतो, उन्हाळ्यासाठी तो उत्तम पोशाख आहे. सुती कापड घाम शोषून पसरवतं, आणि जेवढी ओल पसरते तेवढी लवकर वाळते. ताटली आणि पेल्याची गोष्ट तीच. जाड नायलॉन, सॅटिन, वर अस्तर, असं असेल तर घाम आत कोंडतो. कापड सैल असू द्या, आत हवा खेळली पाहिजे.

तान्ह्या बाळाला घामोळ्या उठतात तेव्हा घामाच्या नळ्यांची तोंडं बुजलेली असतात, घाम कातडीवर येतच नाही. त्यावर तेलाचा थर आणि वर पावडरचा थर दिला की ती आणखी बुजतात. नुसत्या पाण्यानं आंघोळ, सुती झबलं किंवा उघडं अंग, एवढं पुरतं. सासूबाई रागावतील, त्यांना हा अंक दाखवा.

आणि घाम सारखा सारखा पुसू नका. पुसलेला घाम रुमालात वाळतो, अंगावर नाही. डोळ्यांत जात असेल तेवढा पुसा. अंगावर आधीच वाळलेल्या घामाचं मीठ असेल तर नवा घाम थोडा हळू वाळतो, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर दोन तांबे पाणी अंगावर घेतलं की एकदम हलकं वाटतं.

ऊन लागलं तर

माणूस उन्हातून आला, बरळतोय, तोल जातोय, ओळखत नाही किंवा कोसळला, आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजा. अंगावर घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं म्हणू नका. कष्टाचं काम करताना लागलेल्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलंही असतं. पॅरासिटामॉलचा इथं काही उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच उष्णता वाढवून घेतं, उष्माघातात उष्णता बाहेर टाकण्याची वाटच बंद पडलेली असते.

१०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, जमतील तेवढे उतरवा. लाजेपायी बाईमाणसाची साडी तशीच ठेवतात. चार बायांनी पदर धरून आडोसा करावा. सगळ्या अंगावर पाणी शिंपडा आणि दोघातिघांनी पुठ्ठ्यानं, सुपानं, मिळेल त्यानं जोरात वारा घाला. अंग कोरडं पडू लागलं की पुन्हा पाणी. ओली जाड चादर गुंडाळून ठेवू नका, तिच्याखाली वारा जात नाही. काखेत, मानेला, जांघेत बर्फ मिळाला तर कापडात बांधून लावा. मक्केच्या हज यात्रेत उष्माघाताच्या रुग्णांसाठी १९८० च्या सुमारास जी यंत्रणा उभी केली, तिचं सूत्र हेच होतं. रुग्णाला जाळीवर झोपवायचं, बारीक फवारा मारायचा आणि वर वारा सोडायचा, तोही गरम वारा, म्हणजे कातडीतल्या नसा आखडत नाहीत. आपल्याकडे एप्रिलचा वारा गरमच असतो, तेवढी सोय फुकट आहे.

शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. मीठ अंदाजानं टाकू नका.

रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी किंवा घाम कमी होतो. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण उन्हाळा लागताना डॉक्टरांना एकदा विचारून यायचं. हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी पाणी किती प्यायचं तेही तेव्हाच विचारा.

त्या रविवारच्या बैठकीत शेवटी काय ठरलं ते सांगतो. मिरवणूक चारऐवजी साडेसहाला निघणार. डीजेचा ट्रक अरुंद गल्लीत थांबणार नाही, कारण तिथं वारा अडतो आणि गर्दी कोंडते. तीन स्टॉलवर पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, बर्फ मात्र खाण्याचाच, माशांच्या पेट्यांतला नाही. प्रत्येक स्टॉलवर फवारणीच्या दोन बाटल्या, चार पुठ्ठे आणि एक सतरंजी. नाचणाऱ्या पोरांना दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी द्यायचं काम प्रश्न विचारणाऱ्या त्या भगिनीनंच घेतलं. साड्यांवर थोडी वादावादी झाली. मुलींना चकचकीत निळ्या सॅटिनच्या हव्या होत्या, आणि साडीवाल्याला पाचशे रुपये आगाऊही दिलेले होते. दुसऱ्या दिवशी दोघीजणी जाऊन बदलून आल्या. सुती निळ्या साड्या चाळीस रुपयांनी महाग पडल्या, ते पैसे मंडळानं सरबताच्या वर्गणीतून काढले.